वहीतला ऑगस्ट

सकाळी सातला नळी उचलायची,
डोळ्यांसमोर धरायची, वर नाही, खाली नाही.
पाण्याच्या पोटाचा जो तळ, तोच आकडा.
कडेला चढलेलं पाणी खोटं बोलतं,
असं बाबा सांगायचे.
जुळ्यांच्या पाठीवर जन्मले म्हणून नाव दोसू,
आधी बंदरात हमाल, मग शाळेत शिपाई,
आणि मरेपर्यंत
कोतोनूच्या आभाळाचे बिनपगारी कारकून.

जानेवारीत नळीत धूळ.
उत्तरेच्या वाळवंटातून हारमातान सुटतो,
ओठ उलतात, दाराच्या फळ्या आकसतात,
भरदुपारचा सूर्य झिजल्या नाण्यासारखा,
त्याच्याकडे खुशाल बघता येतं.
"पाऊस नाही. नळी पुसली."
ओळीने एकोणतीस दिवस तेच.
तिसाव्या दिवशी नुसतंच:
"पुसली."

मार्चमध्ये वादळ पूर्वेकडून.
आधी वारा, मग पत्रे, मग वीस मिनिटांत सगळं उरकून मोकळं.
झेमिजानवाले पिवळ्या सदऱ्यांत अंग चोरून
पेट्रोलच्या बुधल्या विकणारीच्या छपराखाली,
आणि ती ओरडतेय, अरे बाबांनो, विडी नको!

जूनबद्दल मी काय सांगू.
जूनमध्ये नळी दोनदा भरून वाहिली,
बाबांनी आकड्यापुढे अधिकचं चिन्ह काढलं
तेवढ्यात छपराचा एक थेंब त्यावर.
शाई फुटली.
पान अजून फुगलेलं आहे,
वही नीट मिटत नाही,
कुठूनही उघडा, जूनपाशीच उघडते.

मग ऑगस्ट.
बाहेरचे म्हणतात, तिकडे काय, बारा महिने पाऊसच.
त्यांना कोणी सांगावं, आमचे पावसाळे दोन
आणि मधे ही फट.
ढग असतात. समुद्र गार. पहाटे चादर ओढावी लागते,
आमच्या भाषेत महिन्याचं नावच थंडी.
पडत मात्र काही नाही.
शून्य, शून्य, शून्य,
पानभर अंडी घालून कोंबडी कुठे गेली कोण जाणे.

सप्टेंबरात पुन्हा सुरू, पण तो जूनचा धाकटा भाऊ,
येतो, भांडतो, जेवून जातो.

खरी गंमत ऑक्टोबरची.
आभाळ लख्ख. नळी कोरडी. रकान्यात शून्य.
आणि पलंगाखाली पाणी.
दूर उत्तरेला केव्हाचा पडून गेलेला पाऊस
ओएमे नदीतून पायी पायी येतो,
नोकुए सरोवर फुगतं,
आणि आमच्या लाजी वस्तीत
कुणाला न विचारता उंबरठा ओलांडतो.
आई पलंगाच्या पायांखाली विटा सरकवते,
दोन. मग तीन.
जिमासे काकू होडीतून मक्याचा आकासा विकत येते,
दाराशी वल्हं टेकवून विचारते,
"काय दोसू, आज किती पडला?"
"शून्य."
ती इतकी हसते की होडी हेलकावते
आणि एक आकासा पाण्यात.

त्या रात्री बाबांनी समासात नवा रकाना आखला.
वर लिहिलं: विटा.

आता नळी मी उचलते.
विमानतळावर यंत्र आहे म्हणे, ते झोपत नाही.
माझे आकडे कुणी मागत नाही.

काल जुनी वही काढली. जूनपाशी उघडली, मी पुढे गेले.
ऑगस्टच्या शून्यांत एक अकरा सापडला.
आठवलं.
नऊ वर्षांची होते.
रोज शून्य लिहिणाऱ्या माणसाचं मला फार वाईट वाटलं होतं.
अंधारात उठून
आंघोळीच्या मगमधलं थोडं पाणी नळीत ओतलं,
आणि झोपेचं सोंग घेऊन पडले.

अकराशेजारी बारीक अक्षर:
"पाण्याला साबणाचा वास."
एवढंच. खाडाखोड नाही. मला कधी बोलले नाहीत.

महिन्याची बेरीज मी दोनदा करून पाहिली.
अकरा धरलेले आहेत.